चढावर क्लच सोडण्याआधी

पिकअपच्या गिअरबॉक्समधून मागच्या बाजूला एक दांडा बाहेर येतो आणि प्रॉपेलर शाफ्ट त्यालाच जोडलेला असतो. गाडी घेताना त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हौदा किती फुटी, ॲव्हरेज किती पडतं, हप्ता किती बसतो, एवढं विचारून तू सही केलीस. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने तेवढंच विचारलं असतं. म्हणून राहिलेलं मामा सांगतोय, ते ऐकून ठेव बाळा. गॅरेजात आम्ही त्या दांड्याला मेन शाफ्ट म्हणतो, पुस्तकात त्याचं नाव आउटपुट शाफ्ट. इंजिन जो काही जोर काढील तो सगळा या साधारण सव्वा इंची दांड्यातून चाकांकडे जातो. त्याला पर्यायी वाट नाही.

आमच्या वस्तादांनी पहिल्याच वर्षी कानात सांगितलं होतं की शाफ्ट वजनाने तुटत नाही, झटक्याने तुटतो. पुढे कितीतरी गिअरबॉक्स उघडले, पण त्या वाक्यात बदल करावा असं काही हाती लागलं नाही. ते का खरं आहे, एवढं मात्र आता आकड्यांत सांगता येतं.

बोलेरो मॅक्स पिकअपच्या मोठ्या मॉडेलचं इंजिन 220 न्यूटन-मीटरचा पीळ देतं, टाटा योद्धाचं 250 चा. हा आकडा इंजिनाच्या तोंडाशी. पहिल्या गिअरला गिअरबॉक्स तो ढोबळमानाने चौपट करतो, गाडीगणिक थोडा इकडेतिकडे. म्हणजे मेन शाफ्टवर 900 ते 1000 न्यूटन-मीटर येतात. एक मीटर लांबीचा पाना दांड्याला लावून त्याच्या टोकाला शंभर किलोचा माणूस लटकला तर जेवढा पीळ पडेल, तेवढा. पाचव्या गिअरला मात्र तोच दांडा इंजिनाएवढा किंवा त्याहून कमी पीळ सोसतो. रत्नागिरीच्या कुवारबावहून हातखंब्यापर्यंत सपाटीला पाचव्यात जाताना त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याची सगळी कसोटी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला लागते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती बहुतेक ड्रायव्हरांना कुणी सांगितलेली नसते. इंजिनाने कितीही जोर लावला तरी चाकाखालची जमीन टायरला धरत नसेल, तर तो जोर शाफ्टवर पडतच नाही. चाक जागच्या जागी फिरून जातं. रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर टनभर वजन धर. कोरड्या डांबरावर टायर साधारण सातशे किलोची पकड देतो. टायरची त्रिज्या 34 सेंटिमीटर आणि क्राउन-पिनियनचं प्रमाण साडेचारच्या आसपास घेतलं, तर मेन शाफ्टवर 500 न्यूटन-मीटरच्या थोडं वर पीळ गेला की चाक घसरायला लागतं. म्हणजे रिकाम्या गाडीत टायरच शाफ्टला वाचवतो. आता हौदा भर. मागच्या आसावर सव्वादोन टन आले की तेच गणित 1150 च्या पुढे जातं. टायर घसरत नाही, आणि इंजिन-क्लच जो झटका देतील तो पुरताच्या पुरता शाफ्टला सोसावा लागतो.

ओव्हरलोड गाडीचे शाफ्ट का जातात, ते यावरून कळेल. माल काही शाफ्टवर बसत नाही, तो पाट्यांवर आणि आसावर बसतो. पण त्या मालामुळे टायर जमिनीला असा आवळून धरतो की झटक्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. दीड टनाच्या गाडीत अडीच टन चिरे भरणारा माणूस पाटे मजबूत करून घेतो, टायर जाड टाकतो आणि गाडी पेलते म्हणून खूश असतो. गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. 2019 पासून ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे. पण मेन शाफ्ट गेला तर गिअरबॉक्स उतरवणं, नवा शाफ्ट, बेअरिंगं, सील आणि ऐन हंगामात गाडी उभी राहिल्याचं नुकसान, हे सगळं त्याच्या वरचं.

आता झटक्याचं बोलू. हापूसच्या पेट्या भरून तू कोल्हापूरला निघालास. पाली, नाणीज, साखरपा झालं आणि आंबा घाट सुरू झाला. एका वळणावर पुढे ट्रेलर अडकलाय, म्हणून चढावर थांबलास. ही निघायची वेळ शाफ्टच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ असते. घाईतला माणूस हँडब्रेक सोडतो, गाडी हातभर मागे घरंगळते, तो रेस वाढवतो आणि क्लच फटकन सोडतो. त्या क्षणी चाकं मागे फिरत असतात आणि इंजिन पुढे ओढतं. इंजिनाच्या पिळात फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर मिसळतो आणि मी वर दिलेला आकडा क्षणभर कुठच्या कुठे मागे पडतो. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा थोडा झटका पितात, तोही थोडाच.

तर असं कर. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. पहिला गिअर. क्लच सावकाश वर आण, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होईल आणि इंजिनाचा आवाज जड होईल तिथे पाय थांबव. आता सगळ्या जोडांमधला खेळ एका बाजूला ओढला गेलाय. मग हँडब्रेक सोड. गाडी आपण होऊन पुढे सरकेल, तेव्हा रेस दे. चुकून मागे घरंगळलीच, तर आधी ब्रेकवर पूर्ण उभी कर आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मागून कुणी हॉर्न वाजवतोय म्हणून घाई करायची नाही. त्याला तुझा गिअरबॉक्स उघडायचा नसतो.

रिव्हर्सलाही हाच नियम, उलट थोडा कडक. रिव्हर्सचं प्रमाण पहिल्या गिअरच्या जवळपासच असतं. मिरकरवाडा बंदरावर पहाटे मासळी भरायला गाड्या लागतात तेव्हा बघ, जागा धरायच्या गडबडीत गाडी मागे जात असतानाच पहिला गिअर टाकतात आणि पुढे जात असतानाच रिव्हर्स. प्रत्येक वेळी ‘खट्’ असा आवाज येतो. शाफ्ट-पिनियनचे दाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस एका बाजूवरून सुटून दुसऱ्या बाजूवर आदळतात, तो हा आवाज. जिथे खेळ जास्त तिथे आदळायला अंतर जास्त, आणि जितकं अंतर जास्त तितका घाव मोठा. गाडी पूर्ण थांबू द्यायची आणि मगच दिशा बदलायची. याला पैसा लागत नाही की पाना लागत नाही, आणि तरी हेच कुणी करत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पावसाळ्यात खाणीवर जाणार असशील तर हे नीट लक्षात ठेव. आपल्या सड्यावरच्या चिऱ्याच्या खाणींचे रस्ते म्हणजे वर लाल चिखल आणि खाली उघडा जांभा. चाक चिखलात फिरायला लागतं, ड्रायव्हर रेस वाढवतो, चाक आणखी जोरात फिरतं, आणि मग चिखल उडून टायर अचानक जांभ्यावर पकडतो. फिरणारं चाक एका क्षणात थांबतं, पण शाफ्टच्या मागे इंजिन फिरतंच असतं. मी बघितलेल्या तुटलेल्या शाफ्टांमध्ये असे कितीतरी होते. चाक फिरायला लागलं की पाय काढायचा. खाली उतरून चाकाखाली बारीक चिरखडी किंवा फांद्या टाकायच्या, थोडा माल उतरवायचा, आणि दुसरा गिअर घालून अगदी कमी रेसवर गाडी काढायची. दुसऱ्या गिअरला पीळ कमी, म्हणून चाक फिरायची शक्यताही कमी.

गाडी उतारावर लावतानाही एक क्रम आहे. ब्रेक दाबून गाडी थांबव, न्यूट्रलला आण, हँडब्रेक ओढ, मग पायातला ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू दे, आणि शेवटी गिअर टाक. चाकाखाली दगड लाव. उलट क्रमाने केलंस तर रात्रभर दोन-अडीच टन गिअरच्या दात्यांवर टांगलेले राहतात आणि सकाळी गिअर काढताना धक्का बसतो. तुझ्या आजोबांच्या वेळच्या जीपला तर हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असायचा. चालत्या गाडीत तो ओढला की सगळा मार शाफ्ट आणि क्रॉसवर. म्हणून जुने लोक चालत्या गाडीत हँडब्रेकला हात लावू देत नसत. आताच्या गाड्यांत तो मागच्या चाकांवर आला, पण ती सवय चांगलीच होती.

खेळाबद्दल थोडं सविस्तर, कारण शाफ्टच्या ताकदीचा खरा शत्रू तोच. सपाट जागी गाडी उभी कर, चारही चाकांना दगड लाव, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खाली जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, लाकडी ठोकळे किंवा स्टँड हवेच. प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा जॉइंट दोन्ही हातांनी धर आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट फिरवून बघ. क्रॉसमध्ये खेळ असेल तर हाताला टक्-टक् लागतं. क्रॉसच्या कपाभोवती लालसर पूड दिसली तर समजायचं की आतल्या सुया कोरड्या पडून झिजायला लागल्या आहेत, मग हाताला खेळ लागो न लागो. सावकाश जाताना लयीत ‘किर्र किर्र’ येतं आणि वेगाबरोबर वाढतं, तेही हेच. मग गिअरबॉक्सच्या मागे बघ. फ्लँज वर-खाली हलवल्यावर हलत असेल तर मागचं बेअरिंग तरी गेलंय किंवा फ्लँजचा नट सैल आहे. नट सैल झालेला फ्लँज शाफ्टच्या दात्यांवर रोज थोडा थोडा खुळखुळतो आणि ते दाते खाऊन टाकतो. तो नट कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळायचा. पान्याला पाइप लावून अंदाजाने आवळणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नकोस.

ग्रीसला कुणी मोल देत नाही म्हणून तेही सांगतो. निपलला गन लावून दोन दाब मारले की काम झालं असं नाही. चारही कपांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. एका कपातून येत नसेल तर शाफ्ट हाताने थोडा फिरवून, जॉइंट हलवून पुन्हा मारायचं. तरीही येत नसेल तर तो कप आत कोरडा आहे, क्रॉस बदलावा लागणार. सरकत्या जोडाचे दातेही विसरू नकोस. गाडी खड्ड्यात गेली की शाफ्टची लांबी कमी-जास्त होते, ती त्या दात्यांवर सरकून. ते कोरडे पडले की सरकत नाहीत, आणि मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट मेन शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. पावसाळ्यात पाण्यातून, चिखलातून गाडी गेली की त्याच आठवड्यात ग्रीस, पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही.

आता पाट्यांचं. आपल्याकडे नवी पिकअप शोरूममधून थेट पाटेवाल्याकडे जाते आणि दोन पानं वाढवून घरी येते. त्यात शाफ्टचं काय होतं ते ऐक. हे क्रॉसचे जॉइंट कोनात फिरताना एकसारखे फिरत नाहीत. पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी मागची बाजू दर फेऱ्याला दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन जितका जास्त तितकं हे धावणं-रेंगाळणं जास्त. क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या माणसाने 1904 मध्ये अमेरिकेत असे जॉइंट बनवायचा कारखाना काढला, तेव्हाही हा गुण त्यात होता आणि आजही आहे. त्यावरचा इलाज म्हणजे दोन जॉइंट असे बसवायचे की एकाची चूक दुसरा भरून काढील. त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत हवेत. पाटे वाढवले की मागची बाजू उंच होते, कोन बदलतात आणि चूक पुरती भरून निघत नाही. ती थरथर मेन शाफ्टवर जाते, आधी मागचं सील गळायला लागतं, मग बेअरिंग आवाज करतं. पाटे वाढवायचेच असतील तर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळचा शाफ्टचा कोन जाणकाराकडून बघून घे. साठ-सत्तरच्या वेगाला अंगाखाली थरथर जाणवायला लागली तर टायर बॅलन्सिंगवर पैसे घालवण्याआधी शाफ्टकडे बघायचं. नळीवर चिखल चिकटलाय का, बॅलन्सचं वजन पडलंय का, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का.

आणि शाफ्ट कधीही उतरवायचा झाला तर उतरवण्याआधी प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मार. बसवताना त्या रेघा जुळल्या पाहिजेत. सरकत्या जोडावर कंपनीचे बाण असतात, पण इथल्या गंजात ते सापडतीलच असं नाही.

गंजाचं म्हणशील तर रत्नागिरीत तो पाचवीलाच पुजलेला. समुद्राची हवा आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. पण मासळीच्या गाड्यांचं दुखणं वेगळंच. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून गळतं, ते बरोबर खाली शाफ्टवर, क्रॉसवर आणि गिअरबॉक्सच्या शेपटावर. गंज म्हणजे नुसता रंग जाणं नव्हे. गंजाने पोलादाच्या अंगावर बारीक खड्डे पडतात, आणि पिळाचा सगळ्यात जास्त ताण असतो तोही अंगावरच, गाभ्यात नाही. प्रत्येक खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. म्हणून मासळी उतरवली की त्याच रात्री गाडीखाली गोड्या पाण्याचा मारा, सकाळवर ढकलायचं नाही. हौद्यातलं पाणी एका नळीतून मागे बाहेर जाईल अशी सोय करून घे. जळकं ऑइल खालून फासायची पद्धत आहे, पण त्याने सेंटर बेअरिंगचं रबर आणि सीलं फुगतात, शिवाय ते पावसात धुऊन विहिरीत जातं. त्यापेक्षा चांगला अंडरकोट दे, आणि रबर सोडून दे.

गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक लहान ब्रीदर असतो. तो चिखलाने बंद झाला की तापलेला गिअरबॉक्स पाण्यात थंड होताना सीलमधून पाणी आत ओढतो. ऑइल दुधाळ दिसलं तर तसंच चालवू नकोस. ऑइल बदलताना खालचा बूच बघ. त्याच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर ती रोजची झीज. चकचकीत कपचे असतील तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली.

हल्ली पोरं इंजिनाची ताकद वाढवून घेतात. लॅपटॉप लावला, रीमॅप केलं, गाडी घाटात उडते म्हणतात. ही हौस अमेरिकेत आपल्या आधी होऊन गेली आहे. तिथे 1989 साली डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन आलं, तेव्हा त्याचा पीळ सुमारे 540 न्यूटन-मीटर होता. त्याच घराण्यातल्या आजच्या रॅम गाडीत तो 1,450 च्या वर आहे. (कमिन्स आपल्याला परकी नाही, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स 1962 साली निघाली.) नव्वदच्या दशकात त्या डॉज गाड्यांत एनव्ही 4500 नावाचा गिअरबॉक्स होता. वरच्या गिअरला, कमी फेऱ्यांवर जड माल ओढताना इंजिनाचे ठोके शाफ्टवर बसत, पाचव्या गिअरचा नट सैल होई आणि गिअर शाफ्टवर मागे सरके. गिअरबॉक्स कमजोर नव्हता, पण ठोके अखंड होते. तुझ्यासाठी यातला धडा इतकाच की निवळीच्या चढाला पाचव्यात इंजिन रडवत नेऊ नकोस, वेळेवर चौथा-तिसरा टाक. डिझेल वाचल्यासारखं वाटतं, पण ठोके मेन शाफ्ट मोजत असतो.

पुढे तिकडच्या लोकांनी ताकद आणखी वाढवली, तेव्हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे आउटपुट शाफ्ट तुटायला लागले. मग 300एम नावाच्या पोलादाचे शाफ्ट बनवून घालायची रीत पडली. हे पोलाद विमानाच्या लँडिंग गिअरला वापरतात. म्हणजे इंजिनाची ताकद लॅपटॉपवर अर्ध्या तासात वाढते, पण शाफ्टची ताकद वाढवायला पोलादच बदलावं लागतं. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन बघ. ऑटोमॅटिकबरोबर ते 500 न्यूटन-मीटर देतं आणि मॅन्युअलबरोबर 420 च. इंजिन एकच, लगाम वेगळा. बऱ्याच नव्या गाड्यांत खालच्या गिअरला कॉम्प्युटर इंजिनाला आवरून धरतो, आणि रीमॅप करणारा नेमका तोच लगाम काढतो. त्यावर कुणी हेवी क्लच बसवला तर आणखी वाईट. आधीचा क्लच घसरून थोडा झटका खात होता, आता तोही खात नाही. तुझ्या गाडीला जेवढी ताकद कंपनीने दिली आहे तेवढी आंबा घाटाला पुरते. रीमॅप करू नकोस, हे मी स्पष्ट सांगतो.

फोर बाय फोर गाडी कुणाच्या हाती आली, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स, तर एक लक्षात ठेवायचं. कोरड्या डांबरावर चारही चाकांचा गिअर लावून वळणं घ्यायची नाहीत. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि शाफ्ट एकमेकांना बांधलेले असल्याने तो फरक त्यांच्या अंगात पीळ होऊन साठतो. चिखलात चाक घसरून तो मोकळा होतो, डांबरावर होत नाही.

शाफ्ट कधी बदलायची वेळ आलीच, तर दुकानात काय बघायचं ते शेवटी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून आणायचा नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि जोडाच्या बाजूलाच तो पुन्हा जातो. दुसरं, लेथवर बनवून घेतलेला शाफ्ट. आपल्याकडचे टर्नर मापात कुणाला हार जाणार नाहीत. पण साध्या एन 8 च्या दांड्याचं माप तंतोतंत काढलं तरी कंपनीच्या मिश्र पोलादाची आणि कठीण केलेल्या कातडीची ताकद त्यात येत नाही. शिवाय जाडी बदलते त्या कोपऱ्याला गोलाई हवी असते. कोपरा धारदार राहिला की तडा तिथूनच निघतो. जाडी दहा टक्के वाढली तर पीळ सोसायची ताकद तेहतीस टक्के वाढते, हे खरं. पण जाडी वाढवायला बेअरिंगच्या भोकात जागा कुठे असते? म्हणून सगळी मदार पोलादावर, कातडीवर आणि कोपऱ्यावर.

सेकंडहँड घेत असशील तर दोन कसोट्या कर. शाफ्ट डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून दात्यांच्या रेषेवरून बघ. दाते अक्षाला सरळ समांतर हवेत. ते जराही तिरके, पीळ घेतल्यासारखे दिसले तर तो शाफ्ट एकदा आपल्या ताकदीपलीकडे पिळला गेलेला आहे, फुकट दिला तरी नको. मग दात्यांच्या शेवटी, जिथे काही बसत नाही अशा जागी कानस हलकी ओढ. कठीण केलेल्या पोलादावरून कानस नुसती घसरते, मऊ असेल तर चावते आणि लकाकता ओरखडा पडतो. या कामाला कानस चांगली हवी, आणि ती शोधायला लांब जायला नको, रेमंड समूहाच्या जेके फाइल्सचा कारखाना आपल्या रत्नागिरीतच आहे.

जुनाच शाफ्ट परत बसवायचा असेल तर त्यात तडा नाही याची खात्री करून घे. ग्रीस, ऑइल पूर्ण पुसून काढ. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल लावून तासभर ठेव. मग फडक्याने कोरडा पूस आणि दात्यांच्या मुळाशी, खाचांत, कोपऱ्यांत खडूची बारीक पूड भुरभुर. थोडा वेळ थांब. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं आणि केसाएवढी काळसर रेघ दिसते. ती सरळ नसून बऱ्याचदा तिरपी असते. दात्याच्या मुळाशी आणि सर्कलिपच्या खाचेत विशेष बघ, बहुतेक तडे तिथेच जन्मतात. शाफ्ट हाताळताना पाइप पाना लावू नकोस, त्याच्या दातांचे ओरखडेही तड्याला जागा देतात. ठोकायची वेळ आली तर पितळी ड्रिफ्ट.

आणि तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड नीट बघ. ते सगळं सांगतं. तुटलेल्या जागी गुळगुळीत भाग असेल आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागून एक कमानी रेघा असतील, तर तडा केव्हाचा होता आणि रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. रेघांचा उगम जिथे, तिथेच मूळ दुखणं. तिथे गंजाचा खड्डा आहे का, ओरखडा आहे का, धारदार कोपरा आहे का ते पाहायचं. उरलेला खरखरीत, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी एकदम गेलेला. तो मोठा असेल तर माल जास्त होता, लहान असेल तर शाफ्ट बिचारा बराच काळ कमी अंगावर चालत होता. रेघा मुळीच नसतील तर तो एकाच झटक्यात गेलाय, आणि मग गाडी कोण चालवत होतं ते विचारायचं. कठीण कातडीचा शाफ्ट एका झटक्यात गेला तर बऱ्याचदा तोंड तिरपं, मळसूत्रासारखं फुटतं. खडू दोन हातांत पिळून मोडून बघ, तसंच दिसेल. मऊ पोलादाचा मात्र आडवा, सपाट कापल्यासारखा जातो. नवा शाफ्ट घालताना हे कारण शोधलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जाणार.

हापूसचा हंगाम मेअखेर ओसरतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. गाड्यांना उसंत मिळते ती याच दिवसांत, पण तेव्हा मिस्त्रींकडे गर्दी कमी असली तरी पाऊस लागलेला असतो आणि उघड्यावर गिअरबॉक्स उतरवता येत नाही. तू मेच्या शेवटच्या आठवड्यात ये. क्रॉस, सेंटर बेअरिंग, मागचं सील आणि फ्लँजचा नट एवढं आपण दोघं मिळून बघू, गिअर ऑइल बदलू. पुढचा क्रॉस बदलावा लागला तर जुना टाकून देऊ नकोस, त्याच्या सुयांच्या खुणा तुला दाखवायच्या आहेत.